ब्रुबेक बघायचा तर कुठला? 'जॅझ कॅज्युअल' की 'जॅझ ६२५'?

जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकची चौकडी आणि मॉडर्न जॅझ क्वार्टेट ही दुसरी चौकडी, दोघंही साठच्या दशकात टीव्हीवरच्या या दोन्ही जॅझ कार्यक्रमांत वाजवून गेलेत. म्हणजे कलाकारांवरून निवड करायची सोय नाही.

चित्राचं म्हणाल तर 'जॅझ ६२५' उजवा. तो बीबीसी टू वाहिनीचा; ती १९६४ मध्ये ६२५ रेषांच्या चित्रावर सुरू झाली, जुनं प्रक्षेपण ४०५ चं. जितक्या रेषा जास्त, तितकं चित्र स्पष्ट. ती ऐट नावातच आहे. शिवाय मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जोडीला गिटारवर लॉरिंडो आल्मेडा, हा योग 'कॅज्युअल'मध्ये नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा 'जॅझ कॅज्युअल' त्यामानाने अंधारा. त्यात मधेच निवेदक राल्फ ग्लीसन गप्पांना बसतो. गप्पा छान असतात, पण कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा, आणि पॉल डेस्मंड सॅक्सोफोन घेऊन ताटकळलेला!

तरी मी पुन्हा पुन्हा 'कॅज्युअल'च लावतो. कारण एकच: टाळ्या.

मी ऐकतो रात्री, घर झोपल्यावर, हेडफोन लावून. मॉडर्न जॅझ क्वार्टेटची, म्हणजे जॉन लुईसची मंडळी इतकं हळुवार वाजवतात की आवाज वाढवावाच लागतो. मिल्ट जॅक्सनचा व्हायब्राफोनवरचा शेवटचा सूर अजून विरतोय, तोच 'जॅझ ६२५'चे लंडनचे रसिक कडाडतात आणि मी दचकून हेडफोन ओढून काढतो. सोलोनंतरच्या टाळ्या तर त्याहून जाचक. पुढच्याने वाजवायला घेतलेलं असतं. त्याचे पहिले चार-सहा सूर गेलेच. आपल्या बैठकीतही दाद असते, पण समेवर एक 'वाहवा' येते आणि गाणं पुढे सरकतं.

'कॅज्युअल'च्या स्टुडिओत प्रेक्षकच नाहीत. १९६१ च्या भागातलं 'टेक फाइव्ह' ऐका. पियानोवर ब्रुबेकचं ते पाच मात्रांचं आवर्तन, एकल तबल्याला लेहरा धरावा तसं, आणि त्यावर जो मोरेलोचा ड्रम. हीच चौकडी १९५८ मध्ये मुंबईत वाजवून गेली होती, त्यामुळे मला उगाच लेहरा ऐकू येत असेल, कबूल. पण त्या शांततेत तो ऐकू तरी येतो.

चारचौघांत, मोठ्या पडद्यावर लावणार असाल तर 'जॅझ ६२५' लावा, माझी हरकत नाही. तिथे टाळ्याही खपून जातात. एकट्याने ऐकणार असाल तर मात्र, माझं ऐकाल तर, ग्लीसनच्या गप्पा सोसा.