फ्युएल सेलचा कीट: दिवाळी ते मे वापरल्यानंतर

सोलापुरात बारावीचं फिजिक्स शिकवतो. क्लासवर दाखवायला पीईएम (म्हणजे फक्त प्रोटॉन पलीकडे जाऊ देणारा पडदा असलेल्या) फ्युएल सेलचा छोटा कीट मागवला होता. तळहातावर मावेल एवढा सेल, दोन नळकांडी, चिमुकला पंखा, सोलर पॅनल. पॅनलची वीज दिली की सेल पाणी फोडून हायड्रोजन-ऑक्सिजन करतो, तेच वायू परत घेऊन वीज देतो.

पोरं खूश झाली ती नळी चिमटण्यावर. पंखा चालू असताना हायड्रोजनची नळी बोटांत दाबायची. आत उरलेल्या वायूवर पातं जरा फिरतं, मंदावतं, थांबतं. नळी सोडली की पुन्हा सुरू. चार्जिंगची भानगडच नाही. पेन्सिल सेलला चिमटणार काय? सगळा माल आतच भरलेला, तो संपला की खेळ खलास. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर प्लेटांवरच लेड सल्फेट धरतं आणि चार्जिंगने ते उलटवावं लागतं. इथे क्रिया घडवून आणणारं प्लॅटिनम जागच्या जागी राहतं. हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन तारेतून पंख्याकडे जातात, प्रोटॉन पडद्यातून पलीकडे, आणि तिथे ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी होतं. बॅटरी म्हणजे शिदोरी, ही चूल.

मल्टिमीटरवर मात्र निराशा. पुस्तकात एका सेलला 1.23 व्होल्ट, पंखा जोडल्यावर जेमतेम 0.7. म्हणूनच हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीत सेलांची थप्पी लावतात. पहिल्या टोयोटा मिराईत 370 होते.

आता तक्रारी. नळ्या ढिल्या, वायू गळतो. मी सलाईनची नळी कापून बसवली. पाणी डिस्टिल्डच हवं, आपल्याकडच्या बोअरच्या क्षारांनी पडद्याची वाट लागते. एप्रिल-मेच्या उन्हात तर पडदा वाळतो नि व्होल्टेज पडतं. सिरिंजने पाणी भरून ठेवायचं.

एका पालकांचा पॉवरलूम आहे. ते म्हणाले, "सर, इन्व्हर्टर काढून हेच बसवू का?" नको. विजेने हायड्रोजन करून पुन्हा वीज काढताना निम्म्याहून जास्त वाया जाते. लिथियम बॅटरी नव्वद टक्क्यांच्या आसपास परत देते. हां, बॅकअप दुप्पट वेळ हवा तर इथे फक्त वायूची टाकी मोठी करायची, तिकडे बॅटऱ्याच दुप्पट लागतात. अपोलो यानांत फ्युएल सेलच होते, आणि त्यातून निघणारं पाणी अंतराळवीर प्यायचे.

क्लाससाठी जरूर घ्या. पण पडदा सुटा मिळतो का, हे आधी विचारा. माझ्या विक्रेत्याने अजून उत्तर दिलेलं नाही.