पूरभिंतीचा वीकेंड क्लास केला, साडेतीन हजार वसूल झाले का ते सांगतो

मे महिन्यात नागपुरात प्रतापनगरकडे एका खासगी क्लासमधे दोन दिवसांचा कोर्स केला, मातीच्या बांधावरची पूरभिंत वादळाच्या भरतीत टिकते का ते कसं तपासायचं यावर. क्लासचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे. फी ३,५०० रुपये, त्यात सकाळचे तर्री पोहे आणि दुपारचं जेवण धरून. बाबा म्हणाले, नागपूरले कोणता समुद्र आहे, काहून शिकून राहिला तू हे? बरोबरच आहे म्हणा, इथून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र यायला रात्र काढावी लागते. पण मी ज्या ऑफिसात आहे तिथे नाल्याच्या रिटेनिंग वॉलचीच (माती धरून ठेवणाऱ्या भिंतीची) कामं येतात आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत १०० मिमीच्या वर पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, ते पाहिल्यावर कोणी असं विचारत नाही.

शनिवारचा पहिला अर्धा दिवस एकदम कडक. सरांनी माशांची काचेची टाकी आणली होती, त्यात शाडूचा बांध केला, मधोमध पत्र्याची पट्टी रोवली आणि एका बाजूला निळी शाई टाकलेलं पाणी हळूहळू भरत गेले. आम्ही पंधरा पोट्टे टाकीला नाक लावून. पट्टी जराशी झुकली, तिच्या आणि शाडूच्या मधे केसाएवढी फट पडली आणि निळी रेघ सरसर खाली उतरली, पार पट्टीच्या टोकापर्यंत. पाणी अजून काठाच्या दोन बोटं खालीच होतं बरं का, मागचा शाडू मात्र सरकायला लागला होता.

मग सर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सवर आले. २९ ऑगस्ट २००५, कॅटरिना चक्रीवादळ, सतराव्या स्ट्रीटच्या कालव्याची भिंत. मी आजवर समजून राहिलो होतो की पाणी भिंतीवरून गेलं असेल म्हणून पडली. नाही! तिथे पाणी वर पोचायच्या आधीच भिंत मागच्या मातीला घेऊन सरकली. भिंत म्हणजे आय-वॉल, खाली शीट पाइल, म्हणजे जमिनीत उभे ठोकलेले पोलादी पत्रे, आणि वर काँक्रीट, तिच्या कालव्याच्या बाजूला अशीच फट पडली आणि बांधाखालची चिकणमाती मऊ होती. डिझाइनला फॅक्टर ऑफ सेफ्टी (पडायला लागणाऱ्या जोराच्या किती पट ताकद आहे तो आकडा) १.३ धरला होता, पण फट धरलीच नव्हती. आणि मातीची ताकद बांधाच्या मध्याखाली असते तेवढी पायथ्याला नसते, कारण पायथ्यावर वजनच कमी असतं, तिथेही गणित जरा उदार झालं. लंडन अव्हेन्यूच्या कालव्याचं दुखणं वेगळं, तिथे खाली वाळू, पाणी भिंतीखालून झिरपत गेलं.

बोर्डवरचं एक गणित तर डोक्यातून जातच नाही. जमिनीच्या वर २ मीटर पाणी असेल तर एक मीटर लांबीच्या भिंतीवर साधारण १९.६ किलोन्यूटन जोर, आणि फट ३ मीटर खाली गेली की ५ मीटरचं पाणी म्हणजे १२२.६. सव्वासहापट! अर्थात फटीच्या जागी आधी माती पण थोडी ढकलतच होती, म्हणून निव्वळ वाढ एवढी नाही, पण बांधाची अर्धी माती भिंतीच्या अलीकडेच राहते, धरून ठेवायला मागची अर्धीच उरते, हे जास्त वाईट.

आता तक्रारी. लाटांच्या माराचा विषय माहितीपत्रकात ठळक छापला होता, प्रत्यक्षात दहा मिनिटं. रविवारी सॉफ्टवेअर, तर डेमो व्हर्जन सहा लॅपटॉपवर उघडलंच नाही, अर्धा दिवस दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहण्यात गेला, जेवणानंतर फायनाइट एलिमेंट (भिंत-मातीचे छोटे तुकडे करून कॉम्प्युटरवर गणित) एका तासात उरकलं आणि तेव्हा अर्धी बॅच डुलक्या घेत होती, मी पण. रेकॉर्डिंग देतो म्हणाले, अजून आलं नाही, दोनदा फोन केला. बिशप आणि स्पेन्सरच्या पद्धती (बांधाचा उतार सरकतो का ते काढायच्या) मात्र हाताने करून घेतल्या, आणि सॉफ्टवेअर फट स्वतःहून धरत नाही, ती आपण काढून तिच्यात पाणी भरून द्यावं लागतं, एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

टी-वॉल, म्हणजे जमिनीत तिरप्या ठोकलेल्या खांबांवर (पाइलवर) उभी भिंत, जी कॅटरिनानंतर तिथे बऱ्याच ठिकाणी बांधली, तिच्यावर अजून अर्धा दिवस हवा होता.

सॉइल मेकॅनिक्स (माती कशी वागते त्याचा विषय) पक्कं असेल तर जा, डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी थांबावं. पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन त्या टाकीचे.

रविवारी घरी आलो तर आमच्या कंपाउंड वॉलला लागून काळी माती नेहमीसारखी सुटलेली, दर उन्हाळ्यात सुटते, इतकी वर्षं पाहतोय. तिथे भिंत झुकून नाही, माती वाळून आकसते म्हणून, पण पहिल्या पावसाचं पाणी आत जायचं तसंच जाणार. स्टीलची फूटपट्टी घातली, अख्खी गेली. मग ती काढायला आईची सांडशी आणावी लागली.