दांडिया बाजारातली रॉड-सर्व्हिस: काम चोख, भाव चढा

दीवच्या खाऱ्या पाण्यातून आलेले मासेमारीचे दोन रॉड इथे साफसफाईला दिले. दुकानातले काका जाणकार. जोराची धार मारत नाहीत, त्याने मीठ सांध्यांत आणखी आत जातं. कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश, बस! गाइडच्या (गळाची दोरी ज्यातून जाते त्या रॉडवरच्या कड्यांच्या) पायाशी, त्या बांधलेल्या दोऱ्याच्या कडेला पांढरट-तांबूस थर धरला होता. तो व्हिनेगर-पाण्याने सुटला, मग लगेच गोड्या पाण्याने धुतला. रीळ बसते तिथल्या आट्यांना ग्रीसचा पातळ हात. एका गाइडच्या स्टीलला खड्डे पडलेत, ते घासून जायचे नाहीत, बदलाच, असं तोंडावर सांगितलं. हे आवडलं. गाइडचे पैसे मात्र जास्तच लावले, आणि बिल मागितलं तर तोंड वाकडं! ओला रॉड कव्हरात घालून नेऊ नका, जाम चिडतात.