खरखर गेली, तानपुराही गेला

जयपूर घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर यांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डवरून नव्याने काढलेली तीन प्रकाशने गेल्या चार महिन्यांत माझ्याकडे जमली: दोन जाड व्हायनल तबकड्यांचा एक एलपी संच, एक साधी सीडी आणि मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या एका सेवेवरचा अल्बम. ललत, बिहागडा, नट कामोद, मालकंस आणि भैरवी या रागांतली पाच गाणी तिन्हींत आहेत, त्यामुळे एकच गाणे तीन रूपांत ऐकून पाहण्याची सोय आपोआप झाली. एलपी संचाला ३,२०० रुपये पडले आणि सीडीला ३५०. काढणाऱ्या कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण जे दोष सांगणार आहे ते या तिघांपुरते नाहीत. जुन्या गायकीची जी पुनर्प्रकाशने आज बाजारात येतात, त्यांतल्या बहुतेकांना ते थोड्याफार फरकाने लागू पडतात.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो आणि मग संपतो. केसरबाईंच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवरचा हक्क म्हणूनच केव्हाच संपला आहे, आणि ज्याच्याकडे एखादी बरी रेकॉर्ड व संगणक आहे तो त्यांचा अल्बम काढू शकतो. यात वाईट काही नाही, उलट अशा मोकळिकीमुळेच कित्येक दुर्मीळ रेकॉर्ड लोकांपर्यंत पोहोचल्या. मात्र ‘मूळ रेकॉर्डवरून शुद्ध केलेले’ या वेष्टनावरच्या वाक्याखाली नेमके काय केले आहे, हे सांगण्याची सक्ती कोणावरच नाही. एलपी संचावर हे वाक्य सोनेरी अक्षरांत आहे. मूळ रेकॉर्डचा क्रमांक, ध्वनिमुद्रणाचे वर्ष, सारंगी आणि तबला कोणाचा, यांपैकी एकही गोष्ट आतल्या चार पानांत सापडत नाही. तिथे जागा केसरबाईंच्या छायाचित्रांना आणि त्यांना मिळालेल्या ‘सूरश्री’ या पदवीच्या वर्णनाला दिलेली आहे.

तुलनेसाठी मूळ रेकॉर्ड हाताशी असणे आवश्यक होते. माझ्या मामांच्या लाकडी पेटीत केसरबाईंच्या पाच रेकॉर्ड होत्या. फोंड्याच्या पावसाने त्यांची काय अवस्था केली ते सविस्तर सांगत नाही, पण मालकंसाची आणि ललताची अशा दोन अजून धडधाकट आहेत. ज्यांच्याकडे अशा रेकॉर्ड असतील त्यांच्यासाठी एवढेच लिहितो की त्यांवरची बुरशी काढायला स्पिरिट वापरू नये. ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड लाखेची असते आणि स्पिरिटात लाख विरघळते. शुद्ध पाण्यात द्रव साबणाचा एक थेंब टाकून, मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसले की पुरते. माझ्या एका स्नेह्यांकडे वेग कमी-जास्त करता येणारे आणि ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई असलेले यंत्र आहे. एलपीची बारीक सुई या रेकॉर्डच्या रुंद खाचेत तळाशी जाऊन बसते आणि सुरापेक्षा धूळच अधिक वाजवते. श्रावणातल्या एका रविवारी, इन्व्हर्टरची गुणगुण नको म्हणून तो बंद करून, आम्ही त्यांच्या माजघरात मालकंस चार वेळा ऐकला: आधी मूळ रेकॉर्ड, मग तिन्ही नव्या प्रती.

मालकंसात पंचम, म्हणजे ‘प’, वर्ज्य असल्याने तानपुऱ्याची पहिली तार मध्यमाला, म्हणजे ‘म’ला लावतात. मूळ रेकॉर्डवर खरखर भरपूर आहे, गरम तव्यावर पाण्याचे शिंतोडे उडावेत तशी. पण कानाला तिची दहाएक सेकंदांत सवय होते आणि तिच्याखाली तानपुरा ऐकू येऊ लागतो. केसरबाई मध्यमावर येऊन थांबतात तेव्हा तो तानपुऱ्यातल्या मध्यमाला जाऊन मिळतो, आणि त्यांनी श्वास घेतला तरी स्वर चालूच राहिल्यासारखा वाटतो. एलपीवर हीच जागा ऐकली आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. केसरबाईंचा आवाज थांबला की सगळेच थांबते. पाव सेकंद कापसात कान घातल्यासारखी शांतता होते, आणि पुढचा आकार, म्हणजे ‘आ’ लावून गायलेला स्वर, सुरू झाला की त्याच्या मागोमाग तानपुराही परत येतो, जणू तो वाजवणारी व्यक्ती बाईंच्या श्वासाबरोबर बोटे उचलत होती.

याचे कारण गूढ नाही. खरखर प्रामुख्याने वरच्या कंपनसंख्यांत पसरलेली असते आणि संगणकाला ती ओळखायला शिकवावे लागते. ठरावीक पातळीच्या खालचा आवाज म्हणजे कचरा, असे त्याला सांगितले की तो तेवढा आवाज पुसून टाकतो. तानपुऱ्याची जवारी म्हणजे तरी काय, तारेच्या मूळ स्वराच्या वर उमटणाऱ्या असंख्य बारीक स्वरांचा झगमगाट. तो त्याच प्रदेशात राहतो आणि तितकाच हळू असतो. संगणकाच्या दृष्टीने जवारी आणि खरखर यांत फारसा फरक नाही. सारंगीच्या गजाचा तारेवरचा घासही त्याच वाटेने जातो, आणि उरते ती सारंगी बाजाच्या पेटीसारखी गुळगुळीत वाजते. आवाजाचेही तेच होते. जयपूर घराण्याचा मोकळा, भरीव आकार आणि त्यातही केसरबाईंचा, हा नुसता खालच्या स्वराच्या वजनावर उभा नसतो. त्याला वर एक धार असते. एलपीवर वजन आहे, धार नाही. पहिल्या ऐकण्यात हा आवाज ‘गोड’ वाटतो हे मी मान्य करतो, आणि बहुधा त्यासाठीच हा सगळा उद्योग केलेला आहे.

दुसरा दोष पट्टीचा, म्हणजे स्वराच्या उंचीचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. एलपीवरचा मालकंस सीडीवरच्यापेक्षा सात-आठ सेकंदांनी लांब आहे. साडेतीन मिनिटांच्या आतल्या गाण्यात एवढा फरक म्हणजे रेकॉर्ड ७८ ऐवजी ७५ फेऱ्यांच्या आसपास फिरवल्यासारखे झाले. मिनिटाला साडेचार फेऱ्या इकडेतिकडे झाल्या की स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतो. तीन फेऱ्यांत त्याचा दोन-तृतीयांश भाग जातो. स्नेह्यांनी बाजाच्या पेटीवर षड्ज, म्हणजे ‘सा’, धरून पाहिला तर मालकंस खाली बसला होता, ललत बरोबर होता आणि बिहागडा किंचित चढलेला होता. जुन्या काळी ७८ हा आकडा कागदावर पक्का असला तरी प्रत्यक्षात यंत्रे मागेपुढे फिरत, त्यामुळे मूळ वेग कोणता हा प्रश्न प्रत्येक रेकॉर्डपुरता खरोखर अवघड आहे. पण एकाच गायिकेची पट्टी एकाच संचात गाण्यागणिक वर-खाली होते, तेव्हा कोणीतरी पेटी जवळ घेऊन एकदा तरी ऐकले होते का, असे विचारावेसे वाटते. वेग उतरला की नुसती पट्टी उतरत नाही, आवाजाचा पोतही जाड होतो आणि तान सुस्तावते. ज्यांनी केसरबाईंना फक्त या एलपीवर ऐकले, त्यांना मालकंसातली त्यांची लय वास्तवापेक्षा संथ वाटेल, आणि तो गैरसमज त्यांच्या गायकीविषयी होईल, तबकडीविषयी नव्हे.

व्हायनल म्हणून एलपी उत्तम आहे, हे न सांगणे अन्यायाचे होईल. तबकडी सपाट आहे, मधले भोक मध्यावरच आहे आणि पृष्ठभाग शांत आहे. इतक्या चांगल्या तबकडीवर इतके पुसलेले गाणे कोरले, याचीच हळहळ वाटते.

मोबाइलवरच्या अल्बमविषयी थोडक्यात लिहितो. मूळ रेकॉर्ड एकाच वाहिनीची, म्हणजे मोनो असताना इथे आवाज डाव्या-उजव्या बाजूंत पसरवला आहे; हेडफोन लावला की तबला एका कानात आणि सारंगी दुसऱ्या कानात सरकल्याचा भास होतो, आणि बाई मात्र डोक्याच्या मागे कुठेतरी गातात. वर सभागृहाचा घुमारा चढवला आहे. जयपूरची तान दाणेदार असते आणि तिचा प्रत्येक दाणा सुटा ऐकू यायला हवा. घुमाऱ्यात एक दाणा संपण्याआधी दुसरा त्यावर पडतो आणि समेवर येईपर्यंत त्यांचा लगदा होतो. शिवाय हळू आणि मोठा हा फरक दाबून सगळे एकाच जोराने ऐकू येईल असे केले आहे, त्यामुळे मंद्रातली, म्हणजे खालच्या सप्तकातली हळुवार सुरुवात आणि तार षड्जावरचा, म्हणजे वरच्या ‘सा’वरचा उघडलेला आवाज सारखेच भरतात. बसमध्ये ऐकायला हे सोयीचे असेल. तिन्हींत हे सर्वांत स्वस्त आहे, आणि मला ते फुकटही नको.

सीडी मी मडगावातल्या एका छोट्या दुकानातून घेतली. दुकानदारांनी ती आधी वाजवून दाखवली आणि वर म्हणाले, “आधीच सांगतो, यात आवाज आहे. गिऱ्हाइके दोन दिवसांनी परत घेऊन येतात, म्हणतात सीडी खराब आहे.” यात खरोखरच आवाज आहे. मोठे टक्-टक् तेवढे काढले आहेत आणि खालची सलग खरखर जवळपास जशीच्या तशी ठेवली आहे. आवाज मोनो आहे, मधोमध आहे, पट्टी पाचही गाण्यांत एकमेकांशी जुळते. मालकंसातला तो मध्यम इथे मूळ रेकॉर्डसारखाच तानपुऱ्यात जाऊन मिसळतो, आणि बिहागड्यात बाई मुखड्यावर परत येताना आवाज किंचित आत घेतात, ती जागा फक्त याच प्रतीवर मला ऐकू आली.

सीडी निर्दोष मात्र नाही. नट कामोद झिजलेल्या रेकॉर्डवरून घेतला असावा, कारण मोठ्या स्वरांवर आवाज फाटतो. ७८ च्या रेकॉर्डमध्ये सुई मध्याकडे येत जाते तसा खाचेचा घेर लहान होतो आणि सुईखालून दर सेकंदाला जाणारी खाच कमी होत जाते, त्यामुळे शेवटचे अर्धे मिनिट नेहमीच सर्वांत वाईट वाजते. दुर्दैव असे की आपल्या गायकीत तानांची गर्दी नेमकी तिथेच असते. दुसरी, चांगली प्रत शोधून तेवढे गाणे तिच्यावरून घेता आले असते. मुखपृष्ठावर ‘बिहागडा’ ऐवजी ‘बिहाग’ छापले आहे, तेही ज्या बाईंचा जन्म गोव्यातल्याच अंत्रुज महालातल्या केरीचा आणि ज्यांची तालीम जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांची, त्यांच्या नावाखाली. या दोन रागांतला भेद सांभाळण्यात त्यांचे आयुष्य गेले.

भैरवीविषयी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. ‘जात कहाँ हो’ हीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. भारतीय संगीतातले त्यावरचे ते एकमेव गाणे. त्यासाठी लागणारी रेकॉर्ड न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय माणसाच्या दुकानात शोधून काढावी लागली होती, आणि यान निघाल्यावर काही दिवसांतच, त्याच सप्टेंबरात, केसरबाई गेल्या. एलपी संचाच्या चार पानांपैकी एक पूर्ण पान या प्रसंगाला दिले आहे. त्यांच्या भैरवीत मात्र कोमल ऋषभावरून षड्जावर येताना जो बारीकसा ओढा आहे, तोच पुसून निघाला आहे. सीडीवर तो आहे, खरखरीसकट आहे.

घ्यायची असेल तर सीडी घ्यावी, आणि वाजवताना यंत्रावरचा ट्रेबल कमी करण्याचा मोह पहिली दहा मिनिटे तरी आवरावा. एलपी संच ज्यांना भेट म्हणून मिळाला असेल त्यांनी ललत ऐकावा; त्याची पट्टी बरोबर आहे आणि पुसापुशीही तुलनेने कमी झाली आहे. मडगावच्या दुकानात मी शेवटचा गेलो तेव्हा सीडीच्या दोन प्रती शिल्लक होत्या. त्यांतल्या एकीचे वेष्टन उघडलेले होते; दुकानदार म्हणाले, ही परत आलेली आहे, पन्नास रुपये कमी द्या.