पान ६१ वरचं फिजी

परभणीतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या पोरांसाठी हा रिव्ह्यू. एका झेरॉक्सवाल्याकडं 'चालू घडामोडी, वार्षिक' म्हणून नोट्स मिळतात. स्पायरल बायंडिंग, १३० रुपये. दुकानाचं नाव सांगत नाही, उद्या त्याच्याकडंच हॉल तिकिटाची प्रिंट काढायचीय.

योजना चांगल्या दिल्यात, क्रीडा तर एक नंबर. घात केला तो पान ६१ वरच्या राष्ट्रप्रमुखांच्या यादीनं. '२०२५' छापलेल्या नोट्समध्ये फिजीचे राष्ट्रपती विल्यमे काटोनिवेरे! ऑगस्ट २०२४ मध्ये द्रौपदी मुर्मू तिकडं गेल्या, भारताच्या राष्ट्रपतींची ती पहिलीच फिजी भेट. तेव्हा त्यांना तिथला सन्मान देणारे काटोनिवेरेच होते. पण १२ नोव्हेंबर २०२४ ला नव्या माणसानं शपथ घेतली. सराव टेस्टला मी नोट्सवर विसंबून पर्याय मारला आणि निगेटिव्ह मार्किंग खाल्लं.

त्या चिडीत रात्री दोनपर्यंत मोबाइलवर हेच वाचत बसलो. रूममेट म्हणाला, "तुला काय करायलंय रे फिजीच्या राष्ट्रपतीचं?" त्याला म्हटलं, ऐक तर.

नवे राष्ट्रपती रातू नाइंगामा लालाम्बालावू. रातू म्हणजे सरदार घराण्यातला पुरुष. गादीचं नाव 'तुई दाकाउ', फिजीतल्या मोठ्या मानाच्या गाद्यांपैकी एक. २००० साली तिथं बंड होऊन पंतप्रधान महेंद्र चौधरींना ५६ दिवस ओलीस धरलं होतं. त्याच धामधुमीत लाम्बासाच्या लष्करी बराकीवर जमाव गेला. त्या बेकायदा जमावाच्या खटल्यात २००५ मध्ये यांना आठ महिन्यांची शिक्षा झाली, आणि तेव्हा गडी जमीन खात्याचा मंत्री! थोडेच दिवस आत काढले, उरलेली शिक्षा बाहेर राहून भोगली.

खरी गंमत पुढंच आहे. २०१५ मध्ये सभापती जिको लुवेनी यांच्याबद्दल बाहेर वाईट बोलले म्हणून संसदेनं यांना दोन वर्षं निलंबित केलं. आणि डिसेंबर २०२२ मध्ये २८ विरुद्ध २७ मतांनी, एका मतानं, हेच सभापतीच्या खुर्चीवर! तिथून राष्ट्रपतिभवनात. २०१३ च्या घटनेनुसार हे पद संसद निवडते, मुदत तीन वर्षं, आणि कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. पद शोभेचं, पण तिथवरची वाट बघा. रूममेट उठूनच बसला. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या पॅनलमध्येसुद्धा एवढी उलथापालथ बघितली नाही म्हणाला.

नोट्समध्ये एवढं दोन ओळींत बसलं असतं. नुसतं नाव पाठ केलं की परीक्षेच्या हॉलमध्ये उडून जातं. सभापतीमुळं बाहेर गेलेला सभापती झाला, हे उडत नाही.

उच्चारांचाही आनंदच आहे. फिजीत 'सी' लिहितात आणि 'द' म्हणतात, 'डी' लिहून 'न्द'. विमानतळाचं शहर 'नान्दी', नोट्समध्ये 'नाडी'. तालुक्याच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटलं.

पाचपैकी अडीच. दुकानात चूक दाखवायला गेलो तर मालक म्हणाला, "भाऊ, सहा महिन्यांत पहिलाच आलास पान ६१ घेऊन." मग स्वतःच्या पेनानं माझ्या प्रतीवर नाव बदलून दिलं. 'लालाबालू' असं.