दहावीसाठी कोऱ्या नकाशांचा भारत-ब्राझील पॅड: घ्यावा का?

कोरा नकाशा विकत घेताना मी सगळ्यात आधी खंबातचं आखात बघते. कच्छ आणि खंबात ही दोन आखातं वेगवेगळी आणि स्पष्ट दिसली, की बाकीचा किनाराही बहुधा लक्ष देऊन काढलेला असतो. प्लॅस्टिकच्या स्टेन्सिलमध्ये सौराष्ट्र नुसता बोथट फुगवटा होऊन बसतं. मग नर्मदा आणि तापी समुद्राला कुठे मिळवायच्या हे मुलांना समजत नाही आणि भरूच-सुरतेकडे जायच्या नद्या पालघरच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारी ठेवून अभ्यासायचे असतात. असे नकाशे दर वर्षी तपासते, म्हणून या पॅडबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे.

पॅडमध्ये पन्नास पानं आहेत, निम्मी भारताची, निम्मी ब्राझीलची. मागे थोडे आलेख कागद जोडले आहेत. आमच्या गावात साठ रुपयांना मिळाला. कागद चांगला जाड आहे. रंगीत पेन्सिल दाबून फिरवली तरी मागे उमटत नाही आणि खोडरबराने पापुद्रे निघत नाहीत. चुकलेली नदी तीनदा पुसणाऱ्या मुलांसाठी एवढं तरी हवंच. स्केचपेन मात्र या कागदावर पसरतो. तो मी तसाही वापरू देत नाही, कारण बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतच नकाशासाठी रंगीत पेन्सिल वापरायची सूचना असते.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे छापलेली फिकट वृत्तं. भारताच्या पानावर कर्कवृत्त, ब्राझीलच्या पानावर विषुववृत्त आणि मकरवृत्त, तिन्ही तुटक रेषेत. मुलांना ब्राझील परका असतो. भारताचा नकाशा लहानपणापासून भिंतीवर पाहिलेला, त्यामुळे दिल्ली-चेन्नई हात आपोआप दाखवतो. ब्राझीलचं मनॉस शहर कुठे टिंबायचं म्हटलं की तोच हात हवेत फिरतो. विषुववृत्त डोळ्यांपुढे असलं की सांगता येतं: त्याच्या थोडं खाली, रिओ निग्रो ॲमेझॉनला मिळते तिथे. ॲमेझॉनचं मुख आणि माराजो बेट विषुववृत्ताला लागूनच. साओ पावलो मकरवृत्ताजवळ. एवढे तीन-चार खुंटे पक्के झाले की पँटानलची दलदल नैर्ऋत्येला आणि अवर्षण चतुष्कोन, म्हणजे कमी पावसाचा भाग, ईशान्येला हे पाठ करावं लागत नाही, दिसायला लागतं. भारतातही तेच. भोपाळ कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे हे रेषेमुळे कळतं, नाहीतर अर्धा वर्ग ते थेट नागपूरजवळ आणून ठेवतो.

सरावाची शेवटची काही पानं मात्र वृत्तांशिवाय हवी होती. परीक्षेत जो आराखडा पुढ्यात येईल, त्यात मुलाला ती रेषा स्वतः मनात धरता आली पाहिजे.

आता खटकलेल्या गोष्टी. लडाख आणि जम्मू-काश्मीर वेगळे दाखवलेत, तेलंगणही आहे, ते ठीक. पण मलपृष्ठावरच्या केंद्रशासित प्रदेशांच्या यादीत दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव अजून दोन वेगळे छापलेत. २६ जानेवारी २०२० पासून तो एकच प्रदेश आहे. यादीवरून मुलं पाठांतर करतात, म्हणून ही चूक मला लहान वाटत नाही. लक्षद्वीपचे ठिपके इतके बारीक आहेत की मागच्या बाकावरच्या मुलाला ते छपाईचे डाग वाटले. शिवाय सूचीसाठी, म्हणजे चिन्हांचे अर्थ लिहिण्यासाठी, दिलेली चौकट ब्राझीलच्या पानावर अटलांटिकच्या बाजूला फार आत आली आहे. किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं लिहायला जागाच उरत नाही.

आलेख कागदांनी जास्त निराशा केली. पट्टी लावून पाहिलं तर छापलेले दहा सेंटिमीटर प्रत्यक्षात जरा कमी भरतात. जोडस्तंभालेख काढताना मूल पट्टीने मोजतं, कागदावरच्या चौकोनाने मोजतं आणि दोन्ही जुळत नाहीत. नागरीकरणाच्या आलेखात भारत २०११ साली ३१ टक्क्यांच्या आसपास आणि ब्राझील २०१० साली ८४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे य अक्ष शंभरापर्यंत न्यावा लागतो. तिथे प्रमाण निसटलं की सगळा स्तंभ वाकडा वाटतो. आलेख कागद वेगळे घ्या, स्टेशनरीच्या दुकानात सुटे मिळतात.

स्टेन्सिलला परीक्षेत परवानगी आहे, पण नकाशा भरण्यासाठी बोर्डच आराखडा पुरवतं, तो उत्तरपत्रिकेला जोडायचा असतो. त्यामुळे बाह्यरेषा गिरवण्यात संध्याकाळ घालवण्यापेक्षा योग्य जागा, वेगवेगळी चिन्हं आणि स्वच्छ सूची यांवर हात बसवावा. चिन्ह नकाशात एक आणि सूचीत दुसरं, यात हातचे गुण जातात. पूर्ण भरलेले 'आदर्श नकाशे' असलेले जाडजूड पॅडही दुकानात दिसतात. ते मी पालकांना घेऊ देत नाही. भरलेल्या नकाशाकडे बघून मुलाचा हात चालत नाही.

हा पॅड घ्यावा, असं माझं मत आहे, दिवाळीच्या सुट्टीआधी घेतला तर जास्त उपयोग. एका मुलाला एक पुरतो. दोन भावंडांत वाटून देऊ नका, ब्राझीलची पानं आधी संपतात. प्रकाशकांना एवढीच विनंती: पुढच्या छपाईत ती यादी दुरुस्त करा, सूचीची चौकट खाली सरकवा आणि भारताची पाच पानं कमी करून ब्राझीलची वाढवा.