चौथ्या दिवशी येणारी चकाकी: बिनलेबलच्या क्रीमची फसवणूक कशी चालते

पांढरी प्लास्टिकची डबी, गुलाबी झाकण आणि वर चिकटवलेली कागदाची एक पट्टी. पट्टीवर ‘नाइट क्रीम’ एवढंच लिहिलेलं, खाली एक मोबाइल नंबर. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, घटक नाहीत, तारीख नाही. अशी डबी पार्लरमध्ये फेशियल झाल्यावर हातात ठेवली जाते, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विकली जाते, लग्न ठरलेल्या मुलीच्या आईला कुणीतरी ओळखीची बाई आवर्जून आणून देते. विकणारी बहुतेक वेळा अनोळखी नसते, आणि फसवणूक तिथेच सोपी होते. दुकानात आपण भाव करतो, पाकीट उलटून बघतो, घरच्यासारख्या माणसाला “यात काय आहे हो?” असं विचारायला संकोच वाटतो.

दुसरी अडचण याहून मोठी. हे क्रीम सुरुवातीला खरोखर काम करतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा उजळ दिसतो, पुरळ बसतं, डाग फिके पडतात. चार जणी विचारतात, “काय लावतेस गं?” आणि आणखी चार डब्या खपतात. ज्या चकाकीवर विश्वास बसतो, तोच धोक्याचा पहिला पुरावा असतो. कारण डागावरचा कुठलाही साधा, सुरक्षित उपाय चार दिवसांत दिसत नाही. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. नायसिनामाइड, अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी यांचा फरक आठ ते बारा आठवड्यांनी कळतो, वांगाला तर त्याहून अधिक महिने लागतात. चार दिवसांत चेहरा पालटत असेल तर डबीत बहुधा दोन गोष्टींपैकी एक असते: स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध, किंवा पारा.

स्टेरॉइडचं आधी, कारण ते जास्त ठिकाणी सापडतं. मिश्रण करणं अवघड नाही. साधं कोल्ड क्रीम किंवा कोरफडीचं जेल, वासासाठी थोडं गुलाबाचं अत्तर, दाखवायला व्हिटॅमिन ई च्या दोन-चार कॅप्सूल, आणि खरं काम करायला औषध दुकानातल्या एक-दोन ट्यूब. बेटामेथासोन या स्टेरॉइडची वीस ग्रॅमची ट्यूब शंभर रुपयांच्या आत मिळते. तीच घोटून ‘केशर’, ‘फॉर्म्युला’, ‘कोरियन ग्लो’ अशा नावांनी कितीतरी पट भावात जाते. दुसरी नेहमीची ट्यूब तिहेरी मिश्रणाची असते: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन, हेही स्टेरॉइडच, ०.१ टक्का. हे वांगावरचं औषध आहे. त्वचारोगतज्ज्ञ ते ठरावीक आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर लावायला देतात. पूर्ण चेहऱ्याला रोज चोळायचं हे क्रीम नव्हे, आणि गरोदरपणात तर त्याला हातही लावायचा नाही.

स्टेरॉइडने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज आणि लाली जाते, रंगपेशींचं काम मंदावतं. म्हणून चेहरा गोरा आणि तुकतुकीत दिसतो. चेहऱ्याची त्वचा औषध फार शोषते. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेच्या तुलनेत कपाळ सुमारे सहापट आणि जबड्याची बाजू सुमारे तेरापट स्टेरॉइड आत घेते, असं जुन्या मोजमापांतून दिसलेलं आहे. त्यामुळे हातावर निरुपद्रवी वाटणारं क्रीम गालावर वेगळंच वागतं. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होऊ लागते. गालावर बारीक लाल केशवाहिन्या दिसतात, हनुवटीवर एकसारखे बारीक फोड येतात, कानशिलांवर लव वाढते, उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. नायटा असेल तर तो दबून पसरतो आणि ओळखूच येत नाही.

खरा फास बसतो तो क्रीम थांबवल्यावर. काही दिवसांत चेहरा लालबुंद होतो, आग होते, फोड उसळतात. घाबरून विकणाऱ्या बाईंना फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं: “ताई, आतली घाण बाहेर पडतेय. बंद केलंत म्हणून झालं. परत सुरू करा, आता मोठी डबी घ्या.” परत लावलं की आग शमते आणि बाईंचं म्हणणं खरं वाटतं. घाण वगैरे काही बाहेर पडत नसते. आकुंचलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, दाबलेला दाह उसळतो, इतकंच. याला वैद्यकात नाव आहे, ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे वरून लावलेल्या स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनीच हे नाव रूढ केलं, यावरूनच आपल्याकडे हे किती बघावं लागतं ते कळेल.

पार्लरला एकट्याला दोष देऊन भागत नाही. औषध दुकानाच्या काउंटरवरही हेच घडतं. “चेहऱ्यासाठी काहीतरी चांगलं द्या” म्हटलं की मागच्या फळीवरची ट्यूब पुढे येते. “हे लावा, सगळे हेच नेतात.” २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली १४ प्रकारची मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी चिठ्ठी मागितली जात नाही आणि गिऱ्हाईकही ट्यूब वाचत नाही. वाचायची ती अशी: डाव्या बाजूला वर ‘आरएक्स’ (Rx) ची खूण आहे का, ‘फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवर’ अशा अर्थाची इंग्रजी चौकट आहे का. मग घटकांची नावं. ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ने संपणारी नावं बहुतेक स्टेरॉइडची असतात: बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. ‘झोल’ने संपणारं क्लोट्रिमाझोल किंवा केटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध, स्टेरॉइड नव्हे. पण एकाच ट्यूबमध्ये ‘झोल’ आणि ‘सोल’ दोन्ही असू शकतात, म्हणून पहिलं नाव वाचून थांबू नका.

आता पारा. पारा त्वचेत रंगद्रव्य बनवणारं विकर (एन्झाइम) अडवतो, त्यामुळे रंग लवकर उतरतो. पण तो त्वचेवर राहत नाही, आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. भारतात ‘कॉस्मेटिक्स रूल्स, २०२०’नुसार डोळ्यांभोवतीची काही उत्पादनं सोडली तर सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दशलक्ष भागांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. बेकायदा गोरेपणाच्या क्रीममध्ये तो हजारो भागांनी सापडलेला आहे.

अकोल्याची घटना २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. जैवतंत्रज्ञान शिकणारी वीस वर्षांची मुलगी, तिची आई आणि मोठी बहीण, एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि ते तिथल्याच एका ब्युटीशियनकडून घेतलेलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनीही हेच नोंदवलं. २०२१ ते २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपथी नावाच्या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांचा आजार एका विशिष्ट, एरवी कमी दिसणाऱ्या प्रकारचा होता. त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचं क्रीम लावल्याचं सांगितलं. मूत्रपिंडाचं दुखणं घेऊन आलेला माणूस क्रीमबद्दल आपणहून बोलत नाही. डॉक्टरांनी विचारलं म्हणून धागा जुळला.

पारा लावणाऱ्यापुरताही राहत नाही. उशीचा अभ्रा, टॉवेल, आईच्या गालाला गाल लावणारं मूल, सगळीकडे तो जातो. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात २०१० मध्ये अशा घरांची तपासणी झाली, तेव्हा क्रीम न लावणाऱ्या माणसांच्या लघवीतही पारा वाढलेला आढळला. अशा डबीबरोबर कधी कधी एक सूचना येते: “दागिने काढून लावा, धातूचा चमचा वापरू नका.” ती सौंदर्याची सूचना नव्हे. पारा सोन्याचांदीला आणि अ‍ॅल्युमिनियमला धरतो, म्हणून ती दिलेली असते. क्रीम उजेडात उघडं राहून कडेने करडं किंवा काळपट पडत असेल तरीही पाऱ्याची शंका घ्या. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड किंवा अमोनिएटेड मर्क्युरी यांतलं काही दिसलं तर प्रश्नच मिटला. मात्र काही न दिसणं म्हणजे पारा नाही असं नव्हे. तो लिहितंय कोण?

म्हणून लेबल. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला परवाना लागतो. देशी मालावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची मुदत आणि घटकांची यादी हवी. बाहेरून आलेल्या मालावर नोंदणी क्रमांक आणि भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता हवा. नुसतं ‘मेड इन’ आणि देशाचं नाव पुरत नाही. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक जुळवून बघा. नावाजलेल्या कंपनीच्या रिकाम्या बाटल्या भरून विकल्या जातात, तेव्हा तिथेच घोळ सापडतो. ‘डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड’ या शब्दांवरून एवढंच कळतं की कुणीतरी तपासलं. काय निघालं ते कळत नाही. ‘आयुर्वेदिक’, ‘हर्बल’ हे शब्द लिहिल्याने पारा किंवा स्टेरॉइड निघून जात नाही.

मग सल्ला कुणाचा घ्यावा? जो आधी प्रश्न विचारतो त्याचा. तुम्ही आत्ता काय काय लावता, किती महिने, गरोदर आहात का, बाळ अंगावर पितं का, दिवसभर उन्हात काम असतं का. मग जो घटकाचं नाव कागदावर लिहून देतो, किती दिवस लावायचं आणि कधी थांबवायचं ते सांगतो, आणि स्वतःच्या खणातून डबी काढत नाही. डॉक्टर असतील तर त्वचारोगातली एमडी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी बघा. नुसतं ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी पुरेशी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा. रील्समध्ये सांगणाऱ्यांचं म्हणाल तर पैसे किंवा फुकट माल घेतला असेल, तर ते ठळकपणे सांगणं त्यांना बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आधी-नंतरच्या फोटोंत दोन्हीकडचा उजेड आणि भिंतीचा रंग सारखा आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसतो.

मेकअपचं थोडक्यात. फाउंडेशनची छटा मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात बघावी. दुकानातली उघडी लिपस्टिक ओठांना लावू नये. मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत संपवावा किंवा टाकावा. कुठलीही नवी गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा असं सात दिवस लावून बघा. एका दिवसाच्या चाचणीत अ‍ॅलर्जी अनेकदा सुटून जाते.

डबी वापरून झाली असेल तर आता काय? बिनलेबलची असेल तर आजच थांबवा आणि त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चेहरा उसळला तरी परत त्याच डबीकडे जाऊ नका; उसळी आवरायला वेगळी औषधं असतात आणि ती कमी कशी करत न्यायची ते डॉक्टर ठरवतात. तोवर सौम्य फेसवॉश, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. स्क्रब, ब्लीच, लिंबू, फेशियल पूर्ण बंद. सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ येईल इतकं घ्यावं, वाटाण्याएवढ्याने काही होत नाही.

पायांवर सूज, लघवीला फेस, वाढलेला रक्तदाब यांपैकी काही असेल तर थांबू नका. लघवीची साधी तपासणी करून प्रथिनं जातात का ते बघा आणि क्रीमची गोष्ट डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते रक्तातल्या आणि लघवीतल्या पाऱ्याची तपासणी सुचवू शकतात. मासे खात असाल तर तेही सांगा, कारण माशांतला पारा रक्ताच्या आकड्यात मिसळतो.

डबी फेकू नका. झाकण घट्ट लावून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पट्टीचा, मोबाइल नंबरचा, पैसे दिल्याच्या स्क्रीनशॉटचा, बोलणं झालेल्या चॅटचा फोटो काढून ठेवा. चॅट आधी पुसली जाते. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्यावी, पोच घ्यावी. त्यांचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५. पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीत ‘क्रीमने नुकसान झालं’ एवढंच लिहू नका. कुठल्या तारखेला, कुणाकडून, किती रुपयांना घेतलं, लेबलवर काय नव्हतं आणि उरलेला माल तपासणीसाठी द्यायला तयार आहात, हे लिहा. अभ्रे, टॉवेल वेगळे धुवा, आणि घरातल्या ज्या ज्या माणसाने ती डबी उघडली असेल त्याचीही लघवी तपासून घ्या.